ड्राय रॉक टँकमध्ये टाकण्याआधी: धुणं, ब्लीच, अ‍ॅसिड आणि क्युअरिंगचा नेमका क्रम

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये शेवाळ माजतं, अमोनिया उतरत नाही, पहिले दोन मासे आठवड्यात जातात. अशा तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा ड्राय रॉक, म्हणजे टँकमध्ये रचायचा कोरडा सच्छिद्र दगड असतो. दगड पांढरा दिसला, वास गेला, म्हणजे तो तयार झाला असं समजून लोक तो थेट काचेत रचतात. पण छिद्रांच्या आत वाळलेले जीव, आणि दगडाच्या वरच्या थरात धरून बसलेलं फॉस्फेट डोळ्यांना दिसत नाही. ते टेस्ट किटलाच कळतं.

दुसरी गफलत म्हणजे साफसफाई आणि क्युअरिंग एकच समजणं. साफसफाईत नको ते काढायचं असतं, क्युअरिंगमध्ये हवे ते जिवाणू वसवायचे असतात. पहिलं काम पूर्ण होऊन रसायनांचा अंश गेल्याशिवाय दुसरं सुरू करता येत नाही. दोन्ही मिळून दोन ते तीन महिने धरून चाला. एवढा वेळ नसेल तर टँकची काच आत्ता घेऊ नका, आधी दगड घ्या.

पुढची सगळी मापं २ x १.५ x १.५ फुटांच्या, म्हणजे साधारण १२० लिटरच्या टँकसाठी आहेत.

१. दगड कोणता आणि किती

लिटरला १०० ते १२० ग्रॅम दगड पुरतो. १२० लिटरला १२ ते १४ किलो. अ‍ॅसिड करणार असाल तर १५ ते १६ किलो घ्या, कारण काही दगड विरघळून जाणार आहे.

दगड कॅल्शियम कार्बोनेटचा आणि सच्छिद्र हवा. एका तुकड्यावर चार थेंब व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर कार्बोनेट आहे. मग चुंबक फिरवा. लोखंडाचे कण चिकटले किंवा गंजाच्या रेषा दिसल्या तर तो तुकडा बाजूला.

आपल्या बेळगाव भागात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे जांभा चालेल का. खानापूर, चंदगडकडे जांभा फुकट मिळतो, छिद्रं भरपूर असतात, दिसायलाही छान. चालणार नाही. त्याचा लाल रंगच लोखंडाचा आहे, तो मिठाच्या पाण्यात झडत राहतो आणि कार्बोनेट त्यात नसल्यामुळे पीएचला कसलाही आधार देत नाही. काळा फत्तर अपायकारक नसतो, पण ठोस असल्यामुळे जिवाणूंना आत जागा मिळत नाही. बागलकोटकडचा चुनखडीचा दगड व्हिनेगरला फसफसतो, म्हणून लोक फसतात. तोही बहुतेक ठोसच असतो.

*सावधान:* गोवा, मालवण किंवा कारवारच्या किनाऱ्यावरून कोरलचे तुकडे गाडीत टाकून आणू नका. कठीण कोरलला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षण आहे आणि तुकडा मेलेला आहे ही सबब चालत नाही. बाजारात मिळणारा कृत्रिम रीफ रॉक घ्या, किंवा कुणाच्या बंद पडलेल्या टँकमधला जुना दगड घ्या.

या दोन प्रकारांची वाट वेगळी आहे. कृत्रिम दगड नवाकोरा असेल तर ब्लीचची गरज नाही आणि अ‍ॅसिड तर करायचंच नाही, कारण सिमेंटने बांधलेला दगड अ‍ॅसिडमध्ये ढिला पडून भुगा सोडतो. त्याला टप्पा २ आणि ३ करून सरळ टप्पा ६ वर जा. जुना, वापरलेला दगड असेल तर सगळे टप्पे लागतात.

२. सामान आधी गोळा करा

ब्लीच घातल्यावर क्लोरीन मारणारा हायपो शोधायला बाजारात, गणपत गल्लीत जाणं किंवा अ‍ॅसिड फेसाळत असताना सोडा कुठे ठेवला म्हणून घरात धावणं, हे टाळा. सगळं आधी एका जागी मांडा.

झाकणाचा १०० ते १२० लिटरचा प्लास्टिक ड्रम क्युअरिंगसाठी, आणि ब्लीच-अ‍ॅसिडसाठी दुसरा वेगळा टब. ड्रम निवडताना त्याचा इतिहास विचारा. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भंगारवाल्यांकडे निळे ड्रम स्वस्तात मिळतात, पण त्यात कटिंग ऑइल, प्लेटिंगची रसायनं असं काहीही असू शकतं. शेतीच्या औषधाचा ड्रम तर मुळीच नको. निपाणी भागात तंबाखू भरलेले ड्रम, पोती, ताडपत्र्याही या कामाला वापरू नका. निकोटीन पाण्यातल्या जिवांना मारतं. नवा, खाद्यपदार्थांसाठीचा ड्रम घेतलेला बरा.

साधं, बिनवासाचं ४ ते ५ टक्क्यांचं लिक्विड ब्लीच ५ लिटर. बाटली हलवा. फेस झटकन बसला तर ठीक, साबणासारखा टिकला तर त्यात डिटर्जंट आहे, परत करा. तारीख पाहा, सहा महिन्यांहून जुन्या बाटलीची ताकद बरीच उतरलेली असते. ब्लीचिंग पावडर घेऊ नका, तिचा चुन्यासारखा गाळ छिद्रांत भरतो आणि निघत नाही.

क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे खडे. दुकानात यालाही हायपो म्हणतात आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणालाही हायपो म्हणतात. दोन्हींचं काम एकमेकांच्या उलट आहे. पहिला पांढरा खड्यांच्या रूपात मिळतो, दुसरा पिवळसर पाणी असतो. पुडीवर पूर्ण नाव लिहून घ्या.

अ‍ॅसिड करणार असाल तर साधं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, ३० टक्क्यांच्या आसपासचं, ३ लिटर. रंगीत, सुगंधी टॉयलेट क्लीनर वेगळा, तो नको. खाण्याचा सोडा २ किलो. धुण्याचा सोडा नाही.

याशिवाय नायलॉनचा ब्रश, स्क्रू ड्रायव्हर, डोळ्यांना बंद गॉगल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, जुना पंप, १५०० ते २००० लिटर प्रतितास क्षमतेचा वेव्हमेकर (पाण्यात झोत मारणारा पंखा), १५० वॉटचा हीटर, रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायचं साधन), आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट व अल्कलिनिटीची (पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद) टेस्ट किट. तारेचा ब्रश नको. पितळी तारेचं तांबं दगडात राहतं आणि शिंपले, कोळंबी, कोरल यांना मारतं. लोखंडी तार गंज सोडते.

पाणी. ब्लीच आणि सुरुवातीच्या धुण्याला राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी चालेल. बोअरचं पाणीही ब्लीचपुरतं चालेल. शेवटची धुणी आणि क्युअरिंग मात्र आर.ओ.वरच. इथे घरचा प्युरिफायर दगा देतो. त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर नावाचा छोटा नॉब असतो, तो चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो, आणि पुढे मिनरल कार्ट्रिजही असते. टेक्निशियनकडून मेम्ब्रेननंतर थेट नळी काढून घ्या आणि तिला डी.आय. रेझिनचं, म्हणजे उरलेले क्षार शोषणारं, कार्ट्रिज जोडा. मीटरवर टीडीएस ० ते २ दिसायला हवा. खेड्यांत नाणं टाकून पाणी देणारे जे शुद्ध कुडियुव नीरिन घटक (शुद्ध पिण्याच्या पाण्याची केंद्रं) आहेत, तिथलं पाणी मधल्या धुण्याला छान आहे. ते पिण्यासाठी बनवलेलं असतं, त्याचा टीडीएस शून्य नसतो, म्हणून क्युअरिंगला ते घेऊ नका.

३. तोडणं, रचणं, खरवडणं

रचना आधी, सफाई नंतर. हा क्रम उलटा करणारे खूप आहेत. दगड स्वच्छ करून, क्युअर करून मग टँकमध्ये बसत नाही म्हणून हातोडीने फोडला की आतली न धुतलेली बाजू उघडी पडते आणि सगळी मेहनत वाया जाते.

टँकच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा जमिनीवर ठेवा आणि त्यावर दगड रचून पाहा. काचेपासून चारही बाजूंनी ७ ते ८ सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर काच पुसायचा मॅग्नेट फिरणार नाही. छिन्नीने तोडायचे तुकडे तोडा, पिन घालायची असेल तर दगडी बिटने भोकं पाडा. तोंडावर मास्क, डोळ्यांवर गॉगल. रचना ठरली की मोबाइलमध्ये चारही बाजूंनी फोटो घ्या.

मग कोरडाच दगड खरवडा. वाळलेले स्पंज तपकिरी, कागदासारखे दिसतात. किड्यांच्या पांढऱ्या नळ्या, शिंपले, जुना एपॉक्सी, सगळं स्क्रू ड्रायव्हरने उचकटा. जितकं इथे निघेल तितकं ब्लीच कमी खर्ची पडेल. शेवटी पाइपच्या धारेखाली धुवा, प्रत्येक छिद्रात धार मारा.

*सावधान:* दगड उकळू नका, चुलीत भाजू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो. जुन्या दगडावर झोअँथिड जातीच्या कोरलचे अवशेष असतील तर उकळताना पॅलिटॉक्सिन हे विष वाफेसोबत हवेत येतं आणि घरातली माणसं दवाखान्यात जातात. खूप तापलेल्या कार्बोनेटचा तर चुनाच होतो. पॅलिटॉक्सिनच्याच भीतीने जुन्या दगडावर गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाची फवारणीही नको.

४. ब्लीच

ब्लीच सेंद्रिय पदार्थ जाळतं. फॉस्फेट काढत नाही. दोन्ही कामं त्याच्याकडून अपेक्षित धरली की निराशा होते.

टबात ५० लिटर पाणी, त्यात ५ लिटर ब्लीच. दगड पूर्ण बुडवा, जुना पंप लावून पाणी फिरतं ठेवा. टब सावलीत, झाकण अर्धवट, उघड्या हवेत. उन्हात क्लोरीन लवकर उडतं, म्हणून गच्चीवर कडक उन्हात ठेवलेलं ब्लीच एका दुपारीत निकामी होऊ शकतं.

तीन ते चार दिवस. दुसऱ्या दिवशी पाण्याचा नमुना घेऊन क्लोरीनच्या पिवळ्या थेंबांची टेस्ट करा. रंग आलाच नाही तर ब्लीच आतल्या घाणीत संपलं आहे. अजून अडीच लिटर घाला आणि मुदत तिथून नव्याने मोजा. दगड खूप घाण असेल तर हे पाणी चहासारखं होतं. ते टाकून नवं द्रावण करणं जास्त स्वस्त पडतं.

मग पाणी काढा, दगड नळाखाली धुवा, स्वच्छ पाण्यात एक दिवस बुडवून ठेवा, पाणी बदला. तिसऱ्या पाण्यात, ४० लिटरला ५ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट विरघळवून पंप चालू ठेवून २४ तास.

*तपासा:* नमुन्याला पिवळा रंग अजिबात येता कामा नये. नाकावर विसंबू नका, ब्लीचसोबत दोन दिवस काढलेलं नाक क्लोरीन ओळखत नाही. रंग आला तर आणखी ५ ग्रॅम आणि आणखी एक दिवस. त्यानंतर साध्या पाण्याने दोनदा धुऊन थायोसल्फेटही काढून टाका, कारण ते पुढे अ‍ॅसिडला भेटलं की गंधक सुटून पाणी दुधाळ होतं आणि घुसमटवणारा वायू येतो.

आता वाळवण. पाच ते सात दिवस, रोज बाजू पालटत. फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम. जून ते सप्टेंबर, विशेषतः खानापूर पट्ट्यात, दगड आतून वाळतच नाही. पावसाळ्यात हे काम सुरू न केलेलं बरं. गच्चीवर ठेवताना खाली प्लास्टिकचा क्रेट आणि वर बारीक जाळी घाला. कबुतराची विष्ठा म्हणजे फॉस्फेटच. आणि गाळप हंगामात चिकोडी, अथणी, गोकाक, निपाणीच्या आसपास गच्च्यांवर जी काळी राख उतरते, पाचट जाळल्याची किंवा कारखान्याच्या चिमणीची, तीही ओल्या दगडाच्या छिद्रांत बसते. त्या दिवसांत दगड पत्र्याच्या शेडखाली पंखा लावून वाळवा.

५. अ‍ॅसिड: फक्त गरज असेल तर

अ‍ॅसिड दगडाचा वरचा थर विरघळवतं, आणि त्या थरासोबत त्यात धरलेलं फॉस्फेट. म्हणून अ‍ॅसिड करायचं की नाही हे अंदाजाने ठरवायचं नाही. ब्लीचनंतर वाळवलेले दगड आर.ओ. पाण्यात तीन दिवस पंप लावून ठेवा आणि फॉस्फेट मोजा. ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत भाग) आत असेल तर हा टप्पा सोडून द्या. ०.५ च्या वर असेल तर अ‍ॅसिड करा. मधल्या आकड्यांना पाणी दोन-तीनदा बदलून पुन्हा मोजणं पुरतं, त्यासाठी अ‍ॅसिड हाताळायची जोखीम घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

किती दगड जाईल याचा हिशोब साधा आहे. ३० टक्क्यांचं १ लिटर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड जवळजवळ अर्धा किलो कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं. १५ किलो दगडाला ३ लिटर म्हणजे दीड किलोच्या आसपास दगड जाणार. बारीक फांद्या, पातळ कडा आधी जातात. जास्त अ‍ॅसिड म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे, तुमची रचनाच विरघळते.

*सावधान:* ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो. म्हणून टप्पा ४ मधली पिवळ्या थेंबांची टेस्ट शून्य आणि दगड खडखडीत वाळलेला, या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय अ‍ॅसिडची बाटली उघडायची नाही. टबही ब्लीचचा असेल तर तो धुऊन वाळवा.

जागा मोकळी हवी. परस, शेत, माळ. बाथरूम नाही, कारण निघणारा कार्बन डायऑक्साइड जड असतो, खाली साठतो आणि खोलीतली हवा ढकलून देतो. शहाबादी फरशी, मार्बल, सिमेंटचा कोबा अ‍ॅसिडने खरवडून निघतो. जवळ दुचाकी, लोखंडी गेट, अवजारं नकोत, वाफेने गंजतात. मुलं, कुत्री, जनावरं लांब. पाण्याची चालू नळी आणि सोड्याचं उघडं डबडं हाताशी.

टबात आधी ३० लिटर पाणी. मग त्यात सावकाश ३ लिटर अ‍ॅसिड. क्रम हाच, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच ओतू नये, ते उसळून अंगावर येतं. टब निम्माच भरलेला असू द्या, कारण फेस वर चढतो. दगड क्रेटमध्ये ठेवून थोडे थोडे उतरवा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.

फसफस २० ते ३० मिनिटांत मंदावते. मधे एकदा दगड पालटा. फसफस थांबली म्हणजे अ‍ॅसिड संपत आलं. पुन्हा अ‍ॅसिड ओतण्याचा मोह होतो, तो आवरा. आता मूठभर खाण्याचा सोडा टाका, फेस येईल. तो बसला की पुन्हा मूठभर. फेस यायचा पूर्ण थांबला की पाण्यातला आम्लपणा गेला. ते भरपूर पाण्यासोबत गटारात सोडा, झाडांच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ नको.

कातडीवर अ‍ॅसिड उडालं तर आधी वाहतं पाणी, निदान १५ मिनिटं. डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारतच दवाखाना गाठा. कातडीवर, डोळ्यावर सोडा चोळू नका.

दगड नळाखाली धुवा, मग आर.ओ. पाण्यात तीन दिवस पंप लावून ठेवा, फॉस्फेट मोजा, पाणी बदला, पुन्हा तीन दिवस. आकडा ०.१ च्या खाली स्थिर झाला की साफसफाई संपली.

६. मिठाचं पाणी

क्युअरिंग ड्रममध्ये ८० लिटर आर.ओ.-डी.आय. पाणी, वेव्हमेकर चालू, मग रीफ सॉल्ट, म्हणजे समुद्राचं पाणी बनवायचं तयार मीठ. लिटरला ३७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ८० लिटरला ३ किलोला थोडं कमी. पाकिटावरचं माप वेगळं असेल तर ते धरा. पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. नाहीतर कॅल्शियम आणि कार्बोनेट तिथल्या तिथे गोठून पांढरा साका तळाला बसतो. २४ तास फिरू द्या, मग मोजा. हवं ते माप ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग क्षार), म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६.

शिरोड्याचं मीठ, खडे मीठ, आयोडीनचं मीठ क्युअरिंगला चालत नाही. त्यात मुख्यतः सोडियम क्लोराइड असतं. जिवाणूंना लागणारी अल्कलिनिटी त्यातून येत नाही.

खाण्याच्या मिठाचा एक उपयोग मात्र आहे. रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर, म्हणजे आर.ओ. पाण्यावर जुळवला तरी ३५ वर चुकू शकतो. ३६.५ ग्रॅम कोरडं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आर.ओ. पाणी वजन करून मिसळा. याचं रीडिंग ३५ पीपीटी यायला हवं. नसेल तर स्क्रू फिरवून तिथे आणा.

७. क्युअरिंग

दगड ड्रममध्ये एकमेकांवर आडवेतिडवे रचा, मधून पाणी वाहिलं पाहिजे. वेव्हमेकरचा झोत दगडांवर. हीटर २६ ते २७ अंशांवर. काचेचा हीटर दगडाला किंवा ड्रमच्या भिंतीला टेकू देऊ नका. झाकण ठेवा पण हवेला फट ठेवा. उजेड नको. उजेड दिला की जिवाणूंच्या आधी शेवाळ जागा धरतं.

बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटरशिवाय ड्रमचं पाणी सहज २० अंशांखाली उतरतं आणि जिवाणूंची वाढ रेंगाळते. ड्रमभोवती थर्माकोलचे पत्रे किंवा जुनी गोधडी गुंडाळली की हीटरवरचा भार बराच कमी होतो. गोधडी पाण्यापासून आणि वायरींपासून दूर बांधा. हीटरची वायर आधी खाली झोळ घेऊन मग प्लगकडे वर जावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली ठिबकतं, सॉकेटपर्यंत पोचत नाही.

जिवाणूंना खायला अमोनिया लागतो. कोळंबीचा तुकडा टाकून कुजवायची पद्धत अजून सांगितली जाते, पण त्यातून फॉस्फेटही येतं, म्हणजे अ‍ॅसिडने काढलेलं पुन्हा आणायचं. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर. कल्हईवाल्याकडचा नवसागर नको, त्यात धातूंची भेसळ असू शकते. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून शुद्ध प्रतीचा घ्या, २५ ग्रॅमही भरपूर झाला. ६.३ ग्रॅम नवसागर आर.ओ. पाण्यात घालून १०० मिली द्रावण करा. हे द्रावण दर १० लिटरला १ मिली घातलं की अमोनिया २ पीपीएमने वाढतो. ८० लिटरला ८ मिली. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा लागेल. चमच्याने मापू नका.

सोबत बाटलीतले जिवाणू घाला. बाटली उन्हात तापलेल्या कुरियरमधून आली असेल तर तिच्यावर फार भरवसा ठेवू नका. ओळखीच्या माणसाच्या जुन्या टँकमधला सिरॅमिक मीडिया (जिवाणू वसलेले सच्छिद्र तुकडे) मिळाला तर काम भराभर होतं, पण त्यासोबत एप्टेशिया हा उपद्रवी सी-अनिमोन आणि शेवाळही येऊ शकतं. स्वच्छ दगडावर ही जोखीम घेणं आम्हाला पटत नाही.

मोजणी दर दोन दिवसांनी, वहीत लिहून. पहिले आठ-दहा दिवस काहीच हलत नाही असं वाटेल. मग अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतो. तो दोन-तीन आठवडे वर राहू शकतो. या काळात नायट्रेटचं रीडिंग खरं धरू नका, नायट्राइट त्या टेस्टमध्ये लुडबुड करतो. अमोनिया ०.५ च्या खाली आला की पुन्हा ८ मिली. तो खाली येण्याआधी घालत राहिलात आणि आकडा ५ च्या वर नेलात तर जिवाणूच दबतात. अल्कलिनिटी आठवड्यातून एकदा बघा; जिवाणू ती खातात. ७ डीकेएचच्या खाली गेली तर चौथा हिस्सा पाणी बदला.

फॉस्फेट शोषणारे फेरिक ऑक्साइडचे दाणे लोक पहिल्याच दिवशी लावतात. थांबा. जिवाणूंनाही थोडं फॉस्फेट लागतं. ते शून्य झालं की नायट्राइट महिनाभर एकाच आकड्यावर अडकून बसतो आणि कारण सापडत नाही. नायट्राइट उतरायला लागला की मग दाणे जाळीच्या पिशवीत घालून झोतात टांगा.

दर आठवड्याला वेव्हमेकर बंद करून मोठ्या पिचकारीने दगडांच्या छिद्रांत पाणी मारा. तपकिरी-राखाडी गाळ बाहेर पडतो. अर्ध्या तासात तो तळाला बसतो, मग नळीने ओढून घ्या, २० लिटर पाण्यासकट. सुरुवातीला गाळ भरपूर निघतो, पुढे कमी होत जातो. हा गाळ ड्रममध्ये निघाला नाही तर टँकमध्ये निघेल, वाळूखाली बसेल आणि वर्षभर नायट्रेट देत राहील. काढलेलं खारं पाणी गटारात. उसाच्या सरीत, नारळाच्या आळ्यात, तुळशीत टाकू नका. कृष्णाकाठच्या काळ्या रानांना क्षाराचा त्रास आधीच आहे.

वीज गेली तर हीटरची काळजी करू नका, पाण्याच्या हालचालीची करा. बॅटरीवर चालणारा एअर पंप पुरतो. चार-पाच तास पाणी निपचित राहिलं तर आतला ऑक्सिजन उतरतो आणि कुजका वास येऊ लागतो. इन्व्हर्टरवर हीटर जोडू नका, तो बॅटरी खाऊन टाकतो, वेव्हमेकर जोडा.

८. दगड तयार झाला हे कसं ओळखायचं

नवसागराचं द्रावण घालून अमोनिया २ पीपीएम करा. २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले पाहिजेत. दोन-तीन दिवसांनी हेच पुन्हा करा. एकदा शून्य येणं पुरेसं नाही.

त्यानंतर फेरिक ऑक्साइडची पिशवी काढा, निम्मं पाणी बदला आणि काहीही न घालता आठ दिवस थांबा. मग फॉस्फेट मोजा. ०.०५ पीपीएमच्या आत असेल तर कोरलच्या टँकलाही दगड चालेल. ०.१ ते ०.२ असेल आणि फक्त मासे ठेवायचे असतील तर पुढे जाऊ शकता. त्याहून जास्त असेल तर दगड अजून सोडतो आहे: पिशवी परत लावा, पाणी बदला, आणखी दोन आठवडे. या टप्प्यावर पुन्हा ब्लीच-अ‍ॅसिडकडे वळणं म्हणजे वसवलेले सगळे जिवाणू मारणं.

वासही घ्या. तयार दगड ओल्या मातीसारखा किंवा समुद्रासारखा वास देतो. सडक्या अंड्याचा वास आला तर कुठल्यातरी खोल छिद्रात अजून कुजतं आहे. त्या दगडाला झोताच्या तोंडाशी ठेवा. वास दोन आठवड्यांतही गेला नाही तर तो एक दगड बाजूला काढा, बाकीचे अडवून धरू नका.

९. टँकमध्ये हलवताना

टँकचं पाणी आदल्या दिवशी तयार हवं, तेच तापमान, तेच ३५ पीपीटी. दगड वाळू देऊ नका. बादलीत पाण्यात बुडवून न्या. वाऱ्यात तासभर उघडे राहिले तरी वरचे जिवाणू मरायला लागतात. हलवण्याआधी प्रत्येक दगड ड्रमच्याच पाण्यात खळखळून घ्या, शेवटचा गाळ तिथेच राहील. नळाखाली धुवायचा नाही, नळातलं क्लोरीन दोन महिन्यांचं काम मिनिटात पुसतं.

दगड आधी तळाच्या काचेवर बसवा, वाळू नंतर. वाळूवर रचलेला दगड मासे खाली उकरतात तेव्हा सरकतो आणि काच फोडतो. काढलेले फोटो समोर ठेवा. प्रत्येक दगड बोटाने ढकलून पाहा. डुलला तर तिथेच एपॉक्सी लावा.

पहिले दोन आठवडे दिवा चार ते पाच तासच. दगडावर आधी डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर येईल, तो आपोआप जातो, त्यासाठी औषध ओतू नका. फॉस्फेट आठवड्यातून एकदा मोजत राहा. मासे नसताना आकडा चढत असेल तर तो दगडातूनच येतो आहे, आणि फेरिक ऑक्साइडची पिशवी तेव्हाच लावली की शेवाळाला पाय रोवायला वेळ मिळत नाही.